लसूणघासाच्या बाई

उन्हाळ्यात भर दुपारी बाई समोर येईल त्याच्या कपाळाला हात लावत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तापातल्या पोराचं कपाळ बघावं तशी. आधी खिडकीतल्या कुंडीतलं लसूणघासाचं पान, मग माणसाचं कपाळ, मग पुन्हा पान. शिपायाला याची सवय होती. तो बाईंना बघून आपणहूनच डोकं खाली करी. एकदा मीटिंगमध्ये प्राचार्य निकालावरून सगळ्यांना फैलावर घेत होते, तेव्हा बाई शांतपणे उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि त्यांच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सर, तुम्ही पानापेक्षा जास्त तापलायत. पाणी प्या." प्राचार्य पाणी प्याले. मीटिंग पुढं फार चालली नाही.

मी भिवंडीच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा बाई वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख होत्या. विभागात त्या एकट्याच, त्यामुळे प्रमुख कुणाच्या हे विचारायची सोय नव्हती. तळमजल्यावर पॅसेजच्या टोकाला त्यांची प्रयोगशाळा. मी पहिल्यांदा तिथं गेले ती डिस्टिल्ड वॉटर मागायला. आत पडदे ओढलेले, हिरवट अंधार, आणि बाई स्टुलावर डोळे मिटून बसलेल्या. पुढ्यात एका ट्रेमध्ये कोवळी, तीन-तीन पानांची रोपं, वर एक बल्ब.

"बसा," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "बोलू नका. पानं कामात आहेत."

मी बसले. कशासाठी आले होते ते मला घरी गेल्यावर आठवलं.

बाई नेमकं काय करतात, हे कॉलेजात कुणालाच धड सांगता येत नसे. गवत तापवतात, एवढंच. त्या लसूणघासावर काम करत होत्या. म्हशींना घालतात तो हिरवा चारा. कडक ऊन लागलं की त्याच्या पानांच्या आत प्रथिनांचं काय होतं, हा त्यांचा आयुष्याचा प्रश्न. मी एकदा विचारलं, "बाई, चाराच का? भात घ्यायचा, गहू घ्यायचा."

"भाताला विचारणारे पुष्कळ आहेत," बाई म्हणाल्या. "दुधाला तर सगळेच विचारतात. दुधाच्या मागं म्हैस आहे हेही लोकांना माहीत असतं. म्हशीच्या मागं कोण आहे, ते कोणी विचारत नाही. ते आपण विचारू."

त्यांचं 'आपण' असं होतं. त्यात माणूस नकळत ओढला जायचा. वर्षभरात मी माझे तास संपले की त्यांच्या प्रयोगशाळेत पानं कुटायला बसू लागले.

त्यांचं शिकवणं मी एकदाच मागच्या बाकावर बसून ऐकलं. बाई कामतघरला राहायच्या, एका लूमच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. त्या दिवशी त्यांनी कारखान्यातून कोऱ्या कापडाचा अख्खा तागा रिक्षात घालून आणला होता. दोन मुलींना पुढं बोलावलं आणि घडी घालायला सांगितली. भिवंडीच्या मुली, घरोघरी कुणी ना कुणी लूमवर किंवा फोल्डिंगला. झरझर घडी पडायला लागली.

"प्रथिन म्हणजे हे," बाई म्हणाल्या. "नुसता लांबलचक धागा असून भागत नाही. त्याची घडी बरोबर पडली तरच त्याचा उपयोग. आता इतरांनी उठा आणि यांना धक्के मारा. हेच ऊन."

वर्गात एकच कल्लोळ झाला. घडी सुटली, कापड पायात आलं, दोन पदर एकमेकांत गुंतले, एक मुलगी त्या गुंत्यात बसलीच. बाई मधोमध उभ्या राहून हे प्रेमानं बघत होत्या. मग त्यांनी तिसऱ्या मुलीला पाठवलं. "तू घडी घालायची नाहीस. फक्त सुटलेलं कापड हातावर धरून ठेवायचंस. गुंतू द्यायचं नाही. धक्के थांबले की यांच्या हवाली करायचंस."

ती मुलगी कापडाचा ढीग छातीशी धरून उभी राहिली. गलका ओसरला. बाई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लग्न झालेल्या मुलीबरोबर पहिल्यांदा सासरी कोण जातं?"

"पाठराखीण," वर्ग म्हणाला.

"ऊन लागलं की पान पहिल्यांदा हिला तयार करतं. बाकीची कामं बाजूला ठेवून. या पाठराखिणीही प्रथिनंच असतात. त्या दुसऱ्यांना सांभाळतात. ज्या पानाकडं त्या वेळेवर असतात ते पान संध्याकाळी पुन्हा मान वर काढतं." मग जरा थांबून, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आणि गंमत बघा, थोडं थोडं ऊन आधी सोसलेलं असलं, की त्या आधीच घरात येऊन बसलेल्या असतात."

कापड मळलं म्हणून कारखानदारानं कटकट केली. बाईंनी तो तागा विकत घेतला आणि त्याचे पडदे, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ असं काय काय शिवून घेतलं. त्यांचं सगळं घर त्या एका कोऱ्या रंगाचं झालं. दुपारी त्या घरात बसलं की ढगात बसल्यासारखं वाटायचं. खाली लूमची खटखट, फरशी तळपायाखाली हलकेच थरथरत असे, चहाच्या कपातला चहाही. बाई चहा गार करून पीत. आणि मधेच वीज जाई. एका क्षणात सगळी गल्ली थांबे. आधी कान भरल्यासारखे होत, मग हळूहळू चिमण्या ऐकू येत, कुणीतरी भांडं घासत असल्याचा आवाज, लांबून बांग. बाई डोळे मिटून म्हणत, "आता ऐका." काय ऐकायचं ते त्या सांगत नसत. मी ऐकत बसे. खालचे कामगार पायऱ्यांवर येऊन बसत, आणि त्यातला एखादा वर बघून विचारी, "मॅडम, आज बहुत गरमी है ना?" बाई गॅलरीतून उत्तर देत, "है ना. पर आदत पडती है थोडी थोडी." त्यांचं हिंदी एवढंच होतं, पण मनापासून होतं.

पान तोडल्या तोडल्या ते गोठवावं लागतं. नाहीतर आत जे चाललंय ते तिथंच विस्कटतं. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन हवा. आमच्या कॉलेजाच्या बजेटात तो बसणं शक्य नव्हतं. बाईंनी तो जनावरांच्या दवाखान्यातून मिळवला. तिथं वळूचं बीज गोठवून ठेवायला तो लागतोच. तिथल्या डॉक्टरांना बाईंनी काय सांगितलं होतं कोण जाणे. ते आम्हाला बघितलं की न बोलता कॅन भरून देत. मग आम्ही दोघी रिक्षात, मधे तो कॅन, आणि झाकणाच्या कडेनं पांढरी वाफ निघून आमच्या पायांभोवती लोळत असलेली. नारपोलीच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली की शेजारच्या बाइकवाले वाकून वाकून बघत. एकदा रिक्षावाल्यानं घाबरून विचारलं, "मॅडम, फटेगा तो नहीं?"

"फुटणार नाही," बाई म्हणाल्या. "थंडी आहे ती. घ्या, तुम्ही पण थोडी घ्या." आणि त्यांनी हातानं थोडी वाफ पुढं ढकलली. रिक्षावाला हसायला लागला. अंजूर येईपर्यंत तो पाय मागं करून बसला होता.

अंजूरला आमच्या प्रयोगाचं शेत होतं. म्हणजे ज्यांना सगळे काकूच म्हणत, त्यांचं. काकू आगरी, खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातल्या. सगळी जमीन एकेक करून गोदामांना गेली होती, पण त्यांनी विहिरीजवळची एक पट्टी आणि चार म्हशी धरून ठेवल्या होत्या. पट्टीत लसूणघास. एका अंगाला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची, समोर सिमेंटचं भलंमोठं अंगण आणि त्यात ओळीनं उभे असलेले ट्रक. त्या सगळ्या करड्या रंगात ती हिरवी पट्टी लांबून बघताना खरी वाटत नसे. जांभळी फुलं आली की तर नाहीच.

काकू पहिल्या दिवशी बाईंना म्हणाल्या होत्या, "तुमाला पाला पायजे तर न्या ना. त्याला इचारायचं काय?"

"न्यायचा नाही," बाई म्हणाल्या. "तो उन्हात कसा राहतो ते बघायचंय."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. काकू म्हणाल्या, "बगा मंग. आमी बी उन्हानच हाव. आमाला कोन बगत न्हाय." आणि हसत सुटल्या. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. बाई आल्या की काकू त्यांना ताक देत आणि बाई काकूंच्या कपाळाला हात लावत.

बाईंच्या निवृत्तीचं ते शेवटचं वर्ष होतं. काकूंच्या मुलानं पट्टीचा व्यवहार ठरवला होता, पावसाआधी भराव पडणार होता. म्हणजे दोघींकडंही एकच उन्हाळा उरला होता. बाईंनी पट्टीचे दोन भाग केले. चैत्रात रोज दुपारी एका भागावर बांबूच्या कमानी लावून प्लास्टिक घालायचं, तासभर आत ऊब साठू द्यायची, मग काढायचं. याला बाई 'सराव' म्हणत. दुसरा भाग नुसता उघडा. मग वैशाखातलं सगळ्यात कडक ऊन आलं, की दोन्हीकडची पानं भर दुपारी तोडायची. सराव झालेल्या भागात पाठराखिणी आधीच जमलेल्या असणार, उघड्या भागाची धांदल उडणार. हा फरक खऱ्या शेतात दाखवला, की बाईंना दुसरं काही नको होतं. सकाळचीही थोडी पानं घ्यायची होती, पण ती आपली तुलनेपुरती.

तो दिवस आला तेव्हा सकाळपासूनच वारा पडलेला होता. सकाळची पानं आम्ही तोडली, पुड्या बांधून कॅनमध्ये सोडल्या. मग दुपारची वाट बघत बसलो. काकू दोनदा सावलीत बोलवायला आल्या. मी गेले. बाई गेल्या नाहीत. पट्टीच्या मधोमध स्टूल टाकून, डोक्यावर ओला रुमाल घेऊन त्या बसल्या होत्या. पत्र्यावरून ऊन घसरत खाली येत होतं आणि हवा अशी लवलवत होती की बाई पाण्याखाली बसल्यासारख्या दिसत होत्या. हात हळूच पुढं करून त्या पानाला लावत, मागं घेत. मला वाटतं मलाही जरा डुलकी लागली असावी. डोळे उघडले तेव्हा स्टूल होतं आणि बाई नव्हत्या.

त्या घासात आडव्या झाल्या होत्या. अंग चटका बसेल इतकं तापलेलं, आणि कोरडं. घामाचा टिपूस नाही. मी ओरडले. काकू आणि त्यांची सून धावत आल्या. काकूंनी एकदाच बाईंच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "उचल गो. हौदान."

विहिरीशेजारी म्हशींचा हौद होता. दोन म्हशी त्यात बसलेल्या होत्या. सुनेनं त्यांना हुसकावलं. एक उठली, एक उठलीच नाही. त्या न उठलेल्या म्हशीच्या शेजारी आम्ही बाईंना मानेपर्यंत पाण्यात ठेवलं. मी मागून त्यांचं डोकं धरलं होतं. काकू साडीसकट हौदात उतरून लोट्यानं पाणी घालत होत्या आणि एकसारख्या बोलत होत्या, "डोले उघर गो बाय. इकरं बग. इकरं बग माज्याकरं." म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. बाईंच्या पापण्या हलल्या. त्यांनी आधी म्हशीकडं बघितलं, बराच वेळ, जणू तिची ओळख पटत नव्हती. मग माझ्याकडं. ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"पानं तोडा," बाई म्हणाल्या. "हीच वेळ आहे."

"नाही," मी म्हटलं.

"अहो, पुन्हा असं ऊन..."

"नाही, बाई. मी डोकं सोडणार नाही."

त्यांनी हौदातून उठायचा प्रयत्न केला. काकूंनी त्यांना दोन्ही खांद्यांनी खाली दाबलं. "मरशील गो! पाला काय पलून जातंय? तू जाशील!" तेव्हा मला दिसलं की त्या रडताहेत. बाईंनाही दिसलं असावं. त्यांनी डोकं माझ्या हातावर सैल सोडलं.

सुनेनं रस्त्यावरून रिक्षा आणली. हॉस्पिटलमध्ये बाईंना बर्फाच्या पिशव्यांत ठेवलं, सलाईन लावलं. पुरत्या शुद्धीवर आल्यावर त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा, "माझं तापमान किती चढलं होतं? आणि किती वेळात?" तरुण डॉक्टरांना वाटलं, वात झालाय. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पेशंटचं कोण आहे? तुम्ही कोण?"

बाईंचं कुणी नव्हतं. लांब इंदूरला एक भाऊ होता, त्याच्याशी दिवाळीपुरतं बोलणं. मी म्हटलं, "मी कॉलेजात बरोबर असते." ते पुरेसं नव्हतं, हे माझं मलाच ऐकताना कळलं.

मागून काकू पुढं आल्या. ओल्या साडीतून अजून पाणी ठिबकत होतं. "आमी हाव ना," त्या म्हणाल्या. "लिवा आमचं नाव. बयीन म्हनून लिवा."

त्यानंतर बाईंना उन्हात जायची मनाई झाली. दुपारची पानं मिळाली नाहीत ती नाहीतच. मी ते दुःख मनात धरून बसले होते. बाई कामतघरच्या आपल्या ढगाळ खोलीत पडून छताकडं बघत असत. शेवटी मीच म्हटलं, "बाई, सकाळची पानं आहेत. ती तरी बघू." त्यांनी हात हलवला. बघायची तर बघा.

मी बघितली. पानं वाटली, त्यातली प्रथिनं वेगळी केली, पांढऱ्या कागदासारख्या पट्टीवर उतरवली. बाईंच्या विद्यापीठातल्या मैत्रिणीनं दिलेलं एक द्रावण होतं. ते फक्त पाठराखिणींना ओळखतं आणि जिथं त्या असतील तिथं जांभळा रंग धरतं. तीन रांगा होत्या. पहिली, प्रयोगशाळेतल्या सावलीतल्या कुंडीची. दुसरी, सराव दिलेल्या भागाची. तिसरी, उघड्या भागाची. बाई त्या दिवशी पहिल्यांदाच कॉलेजात आल्या होत्या, स्टुलावर बसून होत्या. मी ट्रे हलकेच हलवत होते. हळूहळू रंग वर यायला लागला.

पहिल्या रांगेत जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्या रांगेत जांभळी रेघ. आणि तिसऱ्या रांगेतही तशीच रेघ. तेवढीच गडद.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. सकाळी, ऊन चढण्याआधी, ज्यांना आम्ही काहीच सराव दिला नव्हता त्या पानांतही पाठराखिणी जमून बसलेल्या होत्या.

बाई ट्रेमधल्या पट्टीकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला आधी वाटलं त्या रडणार. पण त्या हसत होत्या, आवाज न करता.

"आपण कोण सराव देणार?" त्या म्हणाल्या. "दोन बाजूंनी पत्रा, समोर सिमेंट. रात्रीसुद्धा ऊब जात नसेल. त्यांचा सराव केव्हाचा चालू आहे. आपण ज्याला उघडा भाग म्हणत होतो, तो उघडा नव्हताच हो." मग म्हणाल्या, "अंजूरमध्ये आता निवांत असलेलं एकही पान उरलेलं नाही. हे मला दुपारच्या पानांनी कधीच सांगितलं नसतं. भर उन्हात त्या सगळ्यांकडंच येतात."

निवृत्तीनंतर बाई जव्हारकडच्या डोंगरात एका पाड्याजवळ राहायला गेल्या. तिथल्या एका वारली कुटुंबानं त्यांना परसात वाफा करून दिलाय. झाडांच्या गारव्यात वाढलेलं, ज्याला अजून काही सोसावं लागलेलं नाही असं रोप आधी बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मधूनमधून फोन येतो. प्रयोगाचं विचारलं की म्हणतात, "घाई नाही. इथं पानं झोपलेली आहेत."

पण मला बाई आठवतात त्या निरोपाच्या दिवशीच्या. हॉलमध्ये शाल झाली, श्रीफळ झालं, प्राचार्य चांगलं बोलले. बाईंनी बोलायला उभं राहावं तेवढ्यात दारातून काकू आत आल्या. डोक्यावर लसूणघासाचा भारा. त्या तशाच मधल्या वाटेनं चालत स्टेजपर्यंत आल्या आणि भारा बाईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. शाल, हार, पुष्पगुच्छ सगळं त्याखाली गेलं.

"शेवटचा हाय," काकू म्हणाल्या. "उद्या गारी येतंय भरावाची. म्हशी बी देल्या पोरानं. आता खायाला कोन न्हाय. मंग मी म्हटलं, बायला देव."

हॉलभर त्याचा ओला, हिरवा वास पसरला. बाईंनी भाषण केलं नाही. त्यांनी भाऱ्यावर हात ठेवला, मग काकूंच्या कपाळाला लावला, आणि तसाच राहू दिला.

संध्याकाळी आम्ही तिघी कामतघरला चालत निघालो. भारा बाईंनी कुणाला घेऊ दिला नाही. गल्लीत लूम चालू होते, दारांतून सूत उडत होतं, आणि उतरत्या उन्हात सगळी गल्ली पिवळ्या धुक्यात असल्यासारखी दिसत होती. एका पायरीशी कुणाच्या तरी शेळ्या बांधलेल्या होत्या. वास लागताच त्यांनी दावी ताणली. बाई थांबल्या. त्यांनी आयुष्यभर हा पाला तापवला होता, गोठवला होता, कुटला होता. पण कुठल्या जनावराच्या तोंडापुढं धरल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी भाऱ्यातून एक जुडी ओढली आणि जरा बिचकत पुढं केली. शेळीनं ती हिसकावून घेतली. मग दुसरी आली, तिसरी आली. बाईंनी भारा खाली ठेवला आणि साडी सावरत त्या तिथंच उकिडव्या बसल्या. काकू भाऱ्याचा बंध सोडून जुड्या देऊ लागल्या. बाई एकेक जुडी पुढं करत होत्या आणि शेळ्यांच्या तोंडांकडं, हलणाऱ्या जबड्यांकडं, अगदी जवळून बघत होत्या.

भारा संपत आला तेव्हा त्यांनी मान वळवून काकूंना विचारलं, "आवडतं का हो त्यांना हे?"

"आवरतंय म्हंजे काय!" काकू म्हणाल्या. "बग ना तोंड."

"हो," बाई म्हणाल्या, "दिसतंय." आणि उरलेली जुडी त्यांनी हळूहळू, एकेक काडी करून घातली.